दुसरे इंजिन

(जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या व्याख्यानमालेत यंत्र अभियांत्रिकीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



व्याख्यानमालेत सहसा इतिहास, साहित्य, अर्थकारण असे विषय असतात. मी मात्र आज आपल्यापुढे एका यंत्राची कथा ठेवणार आहे. बीओ-१०५ असे रुक्ष नाव असलेले हे एक छोटे जर्मन हेलिकॉप्टर. ते १९६७ साली प्रथम उडाले, २००१ साली त्याचे उत्पादन थांबले, आणि आज त्याची जागा नव्या यंत्रांनी घेतली आहे. मग त्याच्यासाठी आपण ही संध्याकाळ का द्यावी, असे कोणी विचारील. उत्तर माझ्या घरातच आहे. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

घाटातील दुपार

१९८३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात माझा धाकटा भाऊ स्कूटरवरून रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघाला होता. आंबा घाटात, दुपारी साडेतीनच्या सुमारास, वळणावर स्कूटर घसरली. आकाश निरभ्र होते. बाहेरून जखम फारशी दिसत नव्हती. एका मालमोटारीच्या चालकाने त्याला उचलून जवळच्या गावी आणले. तेथील रुग्णालयात डॉक्टर होते, परंतु शस्त्रक्रियेची सोय नव्हती. वाहन मिळण्यात दोन तास गेले. ते वाटेत बंद पडले, त्यात आणखी वेळ गेला. कोल्हापूरला पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले होते. पोटात रक्तस्राव होत राहिला होता. तेथील शल्यविशारद मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाले, ‘‘मास्तर, संध्याकाळी सहाला आणला असतात, तर मी काही करू शकलो असतो.’’

मी कोणाला दोष देत नाही. त्या चालकाने, त्या खेड्यातील डॉक्टरांनी आपल्याकडून होईल ते सर्व केले. दोष होता तो अंतराचा. हवेतून ते अंतर वीस-बावीस मिनिटांचे होते, आणि त्या वीस मिनिटांचे यंत्र जगात तयार होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती. हे मला पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक जुने विमानविद्येचे मासिक चाळताना कळले. तेव्हापासून हे यंत्र माझ्या मनातून गेलेले नाही.

राखेतून उठलेला कारखाना

जर्मनीला हेलिकॉप्टर नवे नव्हते. हाइनरिख फोके यांचे एफडब्ल्यू-६१ हे यंत्र २६ जून १९३६ रोजी उडाले. पूर्णपणे ताब्यात राहणाऱ्या पहिल्या व्यवहार्य हेलिकॉप्टरांत त्याची गणना होते. परंतु पुढच्या दशकात त्या देशाच्या राज्यकर्त्यांनी जगावर महायुद्ध लादले, अपरिमित संहार घडविला आणि अखेरीस स्वतःचा देशही राखेत घातला. पराभवानंतर विजेत्या राष्ट्रांनी जर्मनीत विमाने बांधण्यावर बंदी घातली. ती उठायला १९५५ साल उजाडले. विमानविद्येत दहा वर्षे म्हणजे एक पिढी. याच काळात जगात पिस्टन इंजिने मागे पडून टर्बाइन इंजिने आली, आणि अमेरिका, रशिया, ब्रिटन व फ्रान्स कितीतरी पुढे निघून गेले.

लुडविग ब्योल्कोव हे १९१२ साली जन्मलेले अभियंता. युद्धकाळात ते मेसरश्मिट कारखान्यात मी-२६२ या जेट विमानाच्या कामावर होते. युद्ध संपले तेव्हा हाती कारखाना नव्हता आणि विमान बांधण्याची परवानगीही नव्हती. त्यांनी १९४८ साली श्टुटगार्ट येथे एक लहानसे अभियांत्रिकी कार्यालय थाटले. जे काम मिळेल ते केले. १९५८ साली ते म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथे आले आणि तेथे हेलिकॉप्टरांचे काम जोमाने सुरू झाले. आरंभ किती लहान होता पाहा: त्यांचे पहिले ‘हेलिकॉप्टर’ उडतच नव्हते! बीओ-१०२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे यंत्र जमिनीला जखडलेले असे. ते थोडे वर उठे, वळे, आणि परत खाली येई. पुढचे बीओ-१०३ एकाच माणसाचे होते. ज्यांच्या हाती काही नव्हते त्यांनी खेळण्यासारख्या यंत्रांपासून सुरुवात केली. पण प्रत्येक यंत्राने त्यांना एक धडा दिला. १९६२च्या सुमारास त्यांनी जे मनात घेतले, ते मात्र खेळणे नव्हते: पाच माणसांचे, अडीच टनांच्या आतील, दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर.

दुसरे इंजिन कशासाठी?

येथे एक सामान्य गैरसमज दूर करतो. इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. उंचावर किंवा पुरेशा वेगात असताना इंजिन थांबले, तर खाली येताना वर चढणारा वारा रोटरला फिरवत ठेवतो. सावरीच्या झाडाचे बी जसे तरंगत खाली येते तसे नव्हे, पण चिंचोक्यासारखे टपकनही नव्हे. कुशल वैमानिक मोकळ्या मैदानात सुखरूप उतरू शकतो.

अट मात्र दोन गोष्टींची आहे. एक, पुरेशी उंची किंवा वेग. आणि दुसरी, खाली मोकळे मैदान. आता विचार करा, ज्या कामासाठी हेलिकॉप्टर खरोखर हवे असते तेथे या दोन्ही गोष्टी असतात का? रुग्णालयाच्या अंगणातून सरळ वर उठताना उंचीही नसते आणि वेगही नसतो. खाली घरे, तारा, माणसे असतात. समुद्रावर, दरीवर, दाट वस्तीवर उतरायला जागा नसते. म्हणजे जेथे गरज सर्वाधिक, तेथेच एक इंजिन सर्वाधिक धोक्याचे. म्हणून दुसरे इंजिन. त्याने वेग दुप्पट होत नाही, भारही दुप्पट उचलला जात नाही. पहिले थांबले तर माणसे घरी परत यावीत, एवढ्यासाठी ते असते.

दोन इंजिनांची हेलिकॉप्टरे त्यापूर्वी नव्हती असे नाही. ब्रिटनचे बेल्व्हेडियर, रशियाचे एमआय-८ ही मोठी यंत्रे होती. रशियाच्या मिल यांचे एमआय-२ हे त्यांहून लहान हेलिकॉप्टर १९६१ सालीच उडाले होते, आणि पुढे पोलंडमध्ये त्याचे विपुल उत्पादन झाले. परंतु तेही साडेतीन टनांचे. त्याहून हलक्या यंत्रावर दोन इंजिने म्हणजे तेव्हाच्या जाणकारांना चैन वाटे: वजन वाढेल, खर्च वाढेल, देखभाल दुप्पट होईल. ब्योल्कोव यांच्या अभियंत्यांनी अमेरिकेतील ॲलिसन कंपनीचे एक छोटे टर्बाइन इंजिन हेरले. वजन सत्तर किलोंच्या आत आणि शक्ती तीनशे अश्वशक्तींहून अधिक. अशी दोन इंजिने केबिनच्या छतावर शेजारी शेजारी बसविली, मध्ये आगरोधक भिंत ठेवली, आणि एकातील बिघाड दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये अशी रचना केली. दोन भाऊ एका घरात राहावेत, पण चुली वेगळ्या असाव्यात, तशी ही व्यवस्था.

बिजागरीविना पाती

खरे धाडस मात्र इंजिनांत नव्हते, रोटरमध्ये होते. थोडे शास्त्र सांगतो. महिलावर्गाने आणि विद्यार्थ्यांनीही लक्ष द्यावे, कारण ते अवघड नाही.

हेलिकॉप्टर पुढे जाऊ लागले की एका बाजूचे पाते वाऱ्याच्या समोर धावते आणि दुसऱ्या बाजूचे वाऱ्याबरोबर मागे जाते. समोर धावणाऱ्या पात्याला अधिक उचल मिळते, मागे जाणाऱ्याला कमी. पाती घट्ट जोडलेली असतील तर यंत्र एका अंगावर उलटेल. स्पेनचे हुआन दे ला सिएर्व्हा यांनी १९२३ साली यावर उपाय शोधला: पाते मुळाशी बिजागरीने जोडायचे. अधिक उचल मिळाली की पाते वर जाते, कमी झाली की खाली येते, आणि तोल राहतो. पुढे पात्याला पुढेमागे हलता यावे म्हणून आणखी एक बिजागरी आली. पाते स्वतःभोवती वळवून कोन बदलण्यासाठी तिसरा सांधा आला. चार पाती म्हटली की किती बिजागऱ्या, किती धारवे, किती तेलपाणी, आणि झिजण्याच्या किती जागा! दाराची बिजागरी करकरली तर आपण तेल सोडतो. येथे ती करकरली तर जीव जातो.

ब्योल्कोव यांच्याकडे एमिल वायलँड हे अभियंता होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा मांडला. बिजागरी कशासाठी? पात्याला वाकता यावे म्हणून. मग पातेच असे का करू नये, की ते स्वतःच वाकेल? वेताची छडी वाकते, तिला कोठे बिजागरी असते? पोलादाचे पाते असे अविरत वाकविले तर थकून तडकेल. परंतु युद्धानंतरच्या वर्षांत जर्मनीतील ग्लायडरप्रेमी अभियंत्यांनी काचतंतू आणि राळ यांच्यापासून विनाइंजिनाची विमाने बनविण्याची कला हस्तगत केली होती. बंदीच्या काळात मोठी विमाने नव्हती, म्हणून हुशार मुले ग्लायडरांकडे वळली, आणि त्या छंदातून जन्मलेले साहित्य आता हेलिकॉप्टरच्या कामी आले. काचतंतूंचे पाते लाखो वेळा वाकूनही दमत नाही, आणि चीर पडलीच तर ती एका क्षणात आरपार जात नाही. टायटॅनियमचा घट्ट मध्यभाग आणि त्याला काचतंतूंची चार लवचीक पाती. कोन बदलण्याचा सांधा तेवढा ठेवला, वरखाली आणि पुढेमागे होण्याच्या बिजागऱ्या काढून टाकल्या.

त्याचा एक लाभ आणखी झाला. बिजागरीच्या रोटरला वैमानिकाची आज्ञा शरीरापर्यंत पोहोचवायला क्षणभर लागतो. हा रोटर हाताच्या खुणेसरशी वळतो. म्हणून हेलिकॉप्टर आकाशात पूर्ण कोलांटी मारू शकते, हे पुढे याच यंत्राने जगाला वारंवार दाखविले. लाभासवे तोटाही आला. ताठ रोटरची थरथर थेट केबिनमध्ये उतरते. तिच्याशी अभियंत्यांना दीर्घकाळ झुंजावे लागले. फुकट काही मिळत नाही, हा निसर्गाचा नियम यंत्रांनाही लागू आहे.

पहिले हेलिकॉप्टर मोडले

आता या कथेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग. पहिला नमुना तयार झाला तेव्हा नवा रोटर त्यावर चढविण्यास सज्ज नव्हता. वेळ जाऊ नये म्हणून ब्रिटनच्या वेस्टलँड कंपनीच्या स्काउट हेलिकॉप्टरचा प्रचलित, बिजागऱ्यांचा रोटर आणून बसविण्यात आला. १९६६ साली जमिनीवरच्या चाचण्या सुरू झाल्या. आणि उड्डाण होण्यापूर्वीच ते हेलिकॉप्टर जागच्या जागी मोडून पडले.

कारण होते भू-अनुनाद. आपल्या घरच्या धुलाईयंत्रात ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की ते कसे थडथडत जागेवरून सरकू लागते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तसेच येथे होते. पुढेमागे होण्याची बिजागरी असल्यामुळे पाती एका बाजूला किंचित एकवटतात; रोटरचा तोल बिघडतो; खालचे पाय जमिनीवर डोलू लागतात. रोटरचे हेलकावे आणि पायांचे डोलणे यांची लय जुळली, की प्रत्येक फेरीला हिसका वाढत जातो, आणि काही क्षणांतच यंत्र स्वतःला फोडून टाकते.

लक्षात घ्या, तो ब्रिटिश रोटर वाईट नव्हता. स्काउटवर तो उत्तम चालत होता. पण तो स्काउटच्या देहासाठी घडलेला होता. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा उत्तम कापडाचा असला तरी आपल्या अंगावर बसेलच असे नाही.

त्या दिवशी ओटोब्रुनच्या त्या कार्यशाळेत काय वाटले असेल? चार वर्षांचे काम आणि समोर पडलेले तुकडे. एखाद्या व्यवस्थापनाने म्हटले असते, पुरे झाले. परवाना घेऊन दुसऱ्याचे हेलिकॉप्टर जुळवू. त्यांनी तसे केले नाही. नवा रोटर त्यांनी आधीच फ्रान्सच्या सूद आव्हियासियाँ कंपनीच्या सहकार्याने अलुएत-२ हेलिकॉप्टरवर चढवून तपासण्यास घेतला होता. आता दुसऱ्या नमुन्यावर तोच, आपल्या हातांनी घडविलेला रोटर बसविण्यात आला. १६ फेब्रुवारी १९६७ रोजी ओटोब्रुन येथे चाचणी-वैमानिक विल्फ्रीड फॉन एंगेलहार्ट यांनी ते यंत्र आकाशात नेले. उसन्या रोटरवर जे जमिनीवरच मोडले होते, ते स्वतःच्या रोटरवर उडाले.

हा दृष्टान्त मी विद्यार्थ्यांना अनेक वर्षे सांगत आलो. परंतु तो अर्धाच सांगितला तर फसवा ठरेल. इंजिने अमेरिकेची होती. रोटरची परीक्षा फ्रेंच हेलिकॉप्टरवर झाली. म्हणजे स्वावलंबन म्हणजे दारे बंद करून बसणे नव्हे. जे बाहेरून घ्यायचे ते जाणून घ्यायचे. आणि यंत्राचा जो प्राण आहे, तो भाग मात्र स्वतः समजून, स्वतः घडवायचा. हा विवेक ज्यांच्याकडे असतो, त्यांचे सहकार्यही बरोबरीचे असते.

हेल्प, म्हणजे ‘हिल्फ’

१३ ऑक्टोबर १९७० रोजी जर्मन नागरी विमानवाहतूक खात्याने बीओ-१०५ला प्रमाणपत्र दिले. आणि तीनच आठवड्यांत, १ नोव्हेंबर १९७० रोजी, म्युनिकच्या हार्लाखिंग रुग्णालयात एक पिवळे हेलिकॉप्टर कायमचे तैनात झाले. नाव ‘क्रिस्टोफ-१’, ख्रिस्ती श्रद्धेत संत क्रिस्टोफर हे प्रवाशांचे रक्षक मानले जातात. शेपटीवरच्या नोंदणीची अक्षरे होती ‘हिल्फ’. जर्मन भाषेत मदतीला ‘हिल्फे’ म्हणतात.

त्या वर्षी पश्चिम जर्मनीत रस्त्यांवर १९ हजारांहून अधिक माणसे मेली होती. मोटारी वाढल्या, महामार्ग झाले, आणि मृत्यूही वेगाने धावू लागला. डॉक्टरांना एक गोष्ट कळून चुकली होती: जखमीला रुग्णालयात आणण्याआधी डॉक्टरलाच जखमीकडे नेले पाहिजे. या कामाला बीओ-१०५ जणू मापून बनविले होते. शेपटीचा दांडा उंच असल्याने केबिनच्या मागच्या अंगाला दोन पल्ल्यांचे मोठे दार होते. रुग्णाला न वाकवता, न हलवता, स्ट्रेचर सरळ आत सरकविता येई. रोटर लहान, जेमतेम ९.८४ मीटर व्यासाचा. त्यामुळे चौकात, शेतात, शाळेच्या मैदानावर उतरता येई. दोन इंजिने असल्याने वस्तीवरून उडण्याची धास्ती कमी. जे गुण अभियंत्यांनी सुरक्षिततेसाठी घातले, तेच गुण माणूस वाचविण्याच्या कामी आले.

आणि हे हेलिकॉप्टर कोणी चालविले? सेनेने नव्हे. मोटारचालकांच्या संघटनेने! एडीएसी या नावाची ही संस्था १९०३ साली स्थापन झाली. सामान्य वाहनधारक तिचे वर्गणीदार सभासद. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदतीला येणारी ही संस्था माणूस बंद पडला तरी मदतीला येऊ लागली. पुढच्याच वर्षापासून शासनानेही आपत्तिनिवारणासाठी नारिंगी रंगाची बीओ-१०५ हेलिकॉप्टरे या सेवेत उतरविली. समाज आधी उठला, शासन त्याच्या जोडीला आले. आज एडीएसीचेच पस्तीसहून अधिक तळ आहेत. सबंध जर्मनीत आता वर्षाकाठी रस्त्यांवर तीन हजारांच्या आसपास माणसे दगावतात. हे सारे श्रेय हेलिकॉप्टरचे नाही. सीटबेल्ट, चांगले रस्ते, कडक कायदे यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण दुसरे इंजिन त्या हिशेबात निश्चित आहे.

ओटोब्रुन ते बंगळूर

मित्रहो, आता ही कथा आपल्या अंगणात येते. भारतात हिंदुस्तान एरोनॉटिक्सने चेतक आणि चीता ही फ्रेंच आराखड्याची एक-इंजिनी हेलिकॉप्टरे परवान्याखाली बांधली. हिमालयाच्या शिखरांवर त्यांनी जी सेवा केली तिला तोड नाही. पण आराखडा आपला नव्हता. १९७९ साली वायुसेना आणि नौसेनेच्या गरजेतून दोन इंजिनांच्या, पाच टनांच्या देशी हेलिकॉप्टरचा विचार पुढे आला, आणि १९८४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सने सल्लागार निवडला तो एमबीबी. म्हणजेच ब्योल्कोव यांची, मेसरश्मिटमध्ये मिसळून मोठी झालेली संस्था. ज्यांनी स्वतः शून्यातून उभारले होते, त्यांच्याकडे आपण शिकायला गेलो. बिजागरीविना रोटर आणि संमिश्र तंतूंची पाती या विचाराचे बीज असे बंगळूरच्या मातीत रुजले.

पहिले उड्डाण १९८९ साली व्हायचे होते. ते २० ऑगस्ट १९९२ रोजी झाले. मधल्या काळात सेनादलांच्या मागण्या बदलल्या, १९९१च्या आर्थिक संकटाने हात आखडले. नंतर अमेरिकी इंजिन योजले होते. १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध आले आणि ते इंजिन हातचे गेले. पुन्हा फ्रान्सच्या टर्बोमेका कंपनीचे इंजिन घ्यावे लागले. २००२ साली सेनादलांना यंत्रे मिळू लागली. नाव ठेवले ‘ध्रुव’. पुढे त्याच फ्रेंच कंपनीबरोबर मिळून ‘शक्ती’ हे अधिक बलवान इंजिन घडविले. १६ ऑगस्ट २००७ रोजी ध्रुव त्यावर उडाले, आणि हिमालयातील उंच चौक्या त्याच्या आवाक्यात आल्या. २०१३च्या उत्तराखंड प्रलयात याच यंत्रांनी माणसे उचलून आणली. वायुसेनेच्या ‘सारंग’ पथकाची मयूररंगी हेलिकॉप्टरे आकाशात जे नर्तन करतात, त्यामागे तोच बिजागरीविना रोटर आहे.

परंतु केवळ गौरवाचे बोलून थांबणे माझ्या व्यवसायाला शोभणार नाही. इक्वेडोरने सात ध्रुव घेतली. त्यांपैकी चार अपघातात गेली आणि २०१५ साली त्या देशाने करार संपविला. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तीन जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर सबंध ताफा जमिनीवर ठेवून तपासणी करावी लागली. अशा वेळी दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, आपल्याला हे जमणारच नाही. दुसरे म्हणतात, दोष काढणारे देशाचे वैरी आहेत. दोघेही कामाचे नाहीत. ओटोब्रुनमध्ये पहिले यंत्र फुटले तेव्हा त्यांनी तुकडे झाकले नाहीत, आणि कामही सोडले नाही, कारण शोधले. देशावरचे प्रेम अभियंत्याने दाखवायचे ते घोषणेत नव्हे, तपासणीच्या नोंदवहीत. ज्या यंत्रावर आपल्या देशाचा तिरंगा आहे, त्यातील प्रत्येक सांधा दुसऱ्याच्या यंत्राहून अधिक कठोरपणे तपासला गेला पाहिजे. कारण त्यात बसणारा जवान आपला आहे.

आपला वाटा

आता शेवटचे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा शासनाचाच आकडा आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ऋषिकेशच्या एम्स रुग्णालयातून हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेची सेवा सुरू झाली. तिचे नाव ‘संजीवनी’. द्रोणागिरी उचलून आणणाऱ्या मारुतीची कथा आपण मुलांना सांगतो. तिच्यातील मर्म औषधात जेवढे आहे तेवढेच वेळेत आहे. सूर्योदयापूर्वी पोहोचणे महत्त्वाचे होते. आरंभ झाला आहे. पण एवढ्या विशाल देशात तो एक थेंब आहे.

आपण सामान्य माणसे यात काय करू शकतो? हेलिकॉप्टर विकत घेणे आपल्या हाती नाही. पण म्युनिकमध्येही आरंभ वर्गणीदार सभासदांनीच केला. आपल्या तालुक्यात महामार्गालगत एखादे मोकळे मैदान तारा, खांब आणि अतिक्रमणे यांपासून मुक्त राहील, यासाठी ग्रामसभेत बोलता येईल. प्रत्येक शाळेत, प्रत्येक मंडळात रक्तस्राव थांबविण्याचे, जखमीला न हलविता उचलण्याचे प्रशिक्षण देता येईल. २०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तो क्रमांक घरातील लहान मुलालाही पाठ असला पाहिजे. आणि अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीसचौकशीचा त्रास होईल, ही भीती टाकून द्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. आंबा घाटातील त्या मालमोटारीच्या चालकाला असे कोणतेही संरक्षण नव्हते. त्याने तरीही गाडी थांबविली. त्याचे नाव मला कधीच कळले नाही.

पहिले इंजिन म्हणजे शासन, यंत्रणा, रुग्णालये. ते चालले पाहिजे, त्यासाठी आग्रहही धरला पाहिजे. पण ते कधी ना कधी, कोठे ना कोठे, थांबणारच. त्या क्षणी जे चालू राहते आणि माणसाला घरी परत आणते, ते दुसरे इंजिन म्हणजे समाज. ते वेगळे असावे, स्वतःच्या बळावर चालणारे असावे आणि सदैव तयार असावे. माझ्या भावासाठी ते वेळेत पोहोचू शकले नाही. आपल्यापैकी कोणाच्या भावासाठी ते पोहोचावे, एवढीच प्रार्थना करून मी माझे भाषण पूर्ण करतो.